मार्च एंडची शाळा

उत्तर प्रदेशातल्या सरकारी प्राथमिक शाळांचे वर्ष ३१ मार्चला संपते. लखनौ जिल्ह्यात ग्रामीण भागाचे आठ विकासखंड आहेत: मलिहाबाद, माल, काकोरी, बख्शी का तालाब, चिनहट, गोसाईगंज, मोहनलालगंज आणि सरोजिनीनगर. काकोरी म्हटले की क्रांतिकारकांचा खटला आठवतो, मलिहाबाद म्हटले की दशहरी आंबा. तिथल्या शाळा कोणाला आठवत नाहीत. आपल्याकडे तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, तसा तिथे खंड शिक्षा अधिकारी. त्याच्या हाताखाली गावोगावच्या पहिली ते आठवीच्या शाळा, त्यांचे गुरुजी, मॅडमजी आणि दुपारची तहरी, म्हणजे भाजीभात, शिजवणाऱ्या रसोइया. या एवढ्याशा जगात वर्षाअखेरीला काय घडते, ते नीट पाहण्यासारखे आहे.

त्या दिवशी मुलांना रिपोर्ट कार्ड मिळते. पाचवीची आणि आठवीची मुले शाळा सोडून पुढे जातात. पण त्याच दिवशी आणखी दोन गोष्टी होतात. तिथल्या परिषदीय, म्हणजे सरकारी, शाळांत शिक्षक बासष्टाव्या वर्षी निवृत्त होतात, आणि वर्षाच्या मध्येच वय पूर्ण झाले तर मुलांचे नुकसान नको म्हणून सत्र संपेपर्यंत त्यांना ठेवून घेतात. याला तिथे ‘सत्र लाभ’ म्हणतात. त्यामुळे विकासखंडातल्या त्या वर्षीच्या बहुतेक शिक्षकांचा निरोप एकाच दिवशी येतो. हार, शाल, रामचरितमानसाची प्रत, फोटो, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दोन इंचांची बातमी.

दुसरी गोष्ट पैशाची. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला मिळणारे एकत्रित अनुदान पटसंख्येवर ठरते. पट ३० पर्यंत असेल तर वर्षाला १०,००० रुपये, शंभरापर्यंत २५,०००, अडीचशेपर्यंत ५०,०००. खडूपासून रंगरंगोटीपर्यंत सगळे त्यातच भागवायचे आणि आर्थिक वर्ष संपायच्या आत हिशेब मिटवायचा. म्हणजे मुख्याध्यापकाच्या एका हातात प्रगतिपत्रकांचा गठ्ठा आणि दुसऱ्या हातात दुकानदाराची पावती. मुलांचे वर्ष आणि सरकारी तिजोरीचे वर्ष एकाच दिवशी संपवण्याची ही सोय कोणाच्या डोक्यातून आली असेल ते असो. मुलांच्या डोक्यातून खासच आलेली नाही.

याच जिल्ह्यात, याच मोसमात, शहरातल्या शाळांची वर्षाअखेर अगदी वेगळ्या तऱ्हेने गाजते. लखनौ हे शाळांचे शहर आहे. १८४५ ची ला मार्टिनिअर, १८७२ चे लोरेटो कॉन्व्हेंट, १९६० साली सुरू झालेली देशातली पहिली सैनिक शाळा. आणि १९५९ मध्ये जगदीश आणि भारती गांधी या दांपत्याने उसने घेतलेल्या तीनशे रुपयांत, पाच मुलांवर सुरू केलेली सिटी माँटेसरी स्कूल. आज एकाच शहरात पन्नास हजारांवर विद्यार्थी असणारी आणि त्यासाठी गिनेस बुकात नोंद झालेली. फेब्रुवारीत बारावीच्या मुलींचा साडी नेसून फेअरवेल, मार्चमध्ये बक्षीस समारंभ, आणि मग एप्रिल-मे मध्ये बोर्डांचे निकाल लागले की वर्तमानपत्रांची पहिली पाने विकत घेतली जातात. टपाल तिकिटाएवढ्या चौकोनांत मुलांचे चेहरे, खाली टक्के, वर संस्थापकांचा फोटो. चौकाचौकांत फलक. ९९ टक्के मिळवणारा मुलगा ठळक, ९६ वाला बारीक, ९० च्या खाली गेला तो फलकावर नाहीच.

ला मार्टिनिअरची रीत मात्र निराळी. तिथला मोठा दिवस १३ सप्टेंबर, म्हणजे संस्थापक क्लॉड मार्टिन १८०० साली वारला ती तारीख. वर्षाच्या शेवटाशी तिचा काही संबंध नाही. ज्या कॉन्स्टँशिया इमारतीत शाळा भरते तिच्याच तळघरात त्याची कबर आहे. निकालाशी न जोडलेला उत्सव शाळेला असू शकतो, याचा हा एक जुना पुरावा.

गुणवत्ता यादीचे पाप सरकारांच्या आणि मंडळांच्या ध्यानात आले नाही असे नाही. महाराष्ट्राच्या मंडळाने ती कधीच बंद केली. सीबीएसईने आणि २०२४ पासून आयसीएसईच्या परिषदेनेही ती जाहीर करणे थांबवले. मग झाले असे की मंडळांनी सोडलेले काम शाळांनी आणि कोचिंगवाल्यांनी उचलले आणि आपापली यादी छापायला घेतली. उत्तर प्रदेशच्या मंडळाची यादी अजून निघते; अग्रक्रमाच्या मुलांना सरकार रोख बक्षीस आणि टॅबलेट देते. २०२४ साली त्या यादीत दहावीला राज्यात पहिली आलेली मुलगी लखनौच्या शेजारच्या जिल्ह्यातली होती. तिचा फोटो सगळीकडे झळकला आणि तिच्या गुणांऐवजी चेहऱ्यावरच्या लवेची चर्चा देशभर झाली. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला यशाच्या दिवशी हे ऐकावे लागले. टवाळखोरांना शिव्या देऊन आपण मोकळे झालो, पण मुलाचा चेहरा फलकावर लावायचा हा रिवाज कोणी सुरू केला, असे कोणी विचारले नाही.

वर्षाअखेर ही शाळेत असलीच पाहिजे, असेही काही नाही. लखनौमध्येच याची जुनी साक्ष आहे. चौकाजवळच्या फिरंगी महलात औरंगजेबाच्या काळापासून विद्वानांचे एक घराणे नांदले. त्यातल्या मुल्ला निजामुद्दीन यांनी अठराव्या शतकात घालून दिलेला ‘दर्स-ए-निजामी’ हा अभ्यासक्रम पुढे हिंदुस्थानभरच्या मदरशांनी उचलला. तिथे विद्यार्थी इयत्ता चढत नसे, ग्रंथ चढत असे. एक ग्रंथ संपला की दुसरा. हुशार असेल तर लवकर, नसेल तर उशिरा. सगळे ग्रंथ झाले की डोक्याला पगडी बांधायची, तोच समारंभ. आपल्याकडच्या वेदपाठशाळांतही संथा पुरी झाली की पुढची संथा, कॅलेंडरकडे पाहायचे कारण नव्हते. सगळ्या मुलांचे शिकणे एकाच तारखेला संपवायचे हे इंग्रजी अमलाबरोबर, तपासणीला येणाऱ्या दिपोटी साहेबाबरोबर आले. साहेबाला एका दिवसात शाळा मोजायची होती. मग शाळेने मोजता येईल असे व्हायचे ठरवले.

त्याच शहरात नेमके उलट्या दिशेने काम करणारा माणूस मराठी होता, हे आपल्याला विसरता येणार नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे मुंबईच्या वाळकेश्वरचे, पेशाने वकील. घराण्यांच्या उस्तादांकडे शागीर्दी किती वर्षांची, शिकणे कधी पुरे झाले, हे सगळे उस्तादाच्या मर्जीवर होते. भातखंड्यांनी रागांची वर्गवारी केली, बंदिशी स्वरलिपीत उतरवल्या, ‘क्रमिक पुस्तक मालिका’ लिहिली आणि १९२६ मध्ये लखनौला, राय उमानाथ बली आणि तेव्हाचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांच्या साहाय्याने, मॅरिस कॉलेज सुरू केले. गाण्याला वर्ष आले, वर्षाला परीक्षा आली, परीक्षेला पदवी आली. १९२८ पासून श्रीकृष्ण नारायण रातंजनकर तिथे प्राचार्य होते. पुढे ही संस्था कैसरबागेतल्या परीखान्यात, म्हणजे नवाब वाजिद अली शहाच्या नाच-गाण्याच्या महालात गेली, आणि १९६६ मध्ये तिला भातखंड्यांचे नाव मिळाले.

गाण्याची वार्षिक परीक्षा घेता येते का, यावर तेव्हाही वाद झाला आणि आजही होतो. मला तो वाद भातखंड्यांच्या बाजूने सुटलेला वाटतो, पण लोक देतात त्या कारणाने नाही. कॉलेजातून मोठे गायक निघाले म्हणून नव्हे. मोठे गायक कॉलेजाशिवायही निघतातच. भातखंड्यांच्या वर्षाने सामान्य मुलाला एक हक्क दिला. घराण्यात न जन्मलेल्या, उस्तादाची चिलीम न भरलेल्या मुलालाही जून-जुलैत दार उघडे आणि वर्षाच्या शेवटी ‘तू इतके शिकलास’ असे लिहिलेला कागद. वर्षाअखेरीचा खरा उपयोग एवढाच आहे. ती शाळेला बांधून घालते. मूल वर्षभर बसले तर त्याच्याविषयी चार ओळी लिहून द्यायला शाळा बांधील होते. मर्जीचे राज्य तिथे संपते.

म्हणून शहरातल्या फलकांचा मला राग येतो. भातखंड्यांनी ज्या गोष्टीसाठी वर्ष मोजले, तिच्या नेमके उलट हे. सगळ्यांना द्यायचा कागद थोड्यांच्या जाहिरातीसाठी वापरला जातो. आणि म्हणूनच मलिहाबादच्या एखाद्या शाळेतला रिपोर्ट कार्डांचा गठ्ठा, छपाई कशीही असली तरी, अधिक सभ्य वाटतो. त्यात प्रत्येकाचे नाव असते.

पण खेड्यातल्या शाळेचे गोडवे गाऊन भागणार नाही. तिथल्या वर्षाअखेरीलाही तिचे खोटेपण आहे. एक बक्षीस तिथे हमखास असते, सर्वाधिक उपस्थितीचे. हुशारीपेक्षा चिकाटीला मान, असे म्हणून आपल्याला ते आवडते. मग प्रश्न पडतो, ज्या मुलीला धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहावे लागले, जो मुलगा मोहरी कापायला बापाबरोबर गेला, ते आळशी होते का? पूर्ण हजेरी ही बऱ्याचदा घरच्या बऱ्या परिस्थितीची हजेरी असते. बक्षीस मुलाला मिळते आणि कौतुक नकळत त्याच्या घराचे होते.

हजेरीचे गणित आणखी बिघडवले ते वर्षाच्या तारखेने. उत्तर प्रदेशात शाळा पूर्वी जुलैत सुरू होत. २०१५ पासून सत्र एप्रिलमध्ये आले. आता चित्र असे: ३१ मार्चला निकाल, १ एप्रिलला ‘स्कूल चलो अभियान’ची फेरी, घोषणा, नव्या मुलांचे टिळा लावून स्वागत. आणि शेतात त्याच वेळी गहू कापणीला आलेला. नव्या वर्गाची सुरुवातच निम्म्या रिकाम्या बाकांनी होते. जेमतेम सूर सापडतो तोच २० मेच्या सुमारास उन्हाळ्याची सुट्टी. गणवेश, स्वेटर, बूट-मोजे, दप्तर आणि वह्यांसाठी १,२०० रुपये सरकार आता पालकांच्या खात्यात भरते. ते जमा होईपर्यंत मूल जुन्याच कपड्यांत नव्या वर्गात बसते. तिजोरीचे वर्ष आणि शाळेचे वर्ष जुळले, पण शेताचे आणि शाळेचे तुटले.

हे आपण जरा लक्ष देऊन पाहिले पाहिजे, कारण सीबीएसईच्या धर्तीवर शाळा चालवायच्या तर सत्रही एप्रिलमध्ये आणा, अशी बोलणी महाराष्ट्रात झाली आहेत. २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा एकाच वेळापत्रकाने ८ ते २५ एप्रिल अशा लांबवल्या गेल्या आणि निकाल मात्र नेहमीप्रमाणे १ मे लाच. विदर्भातल्या उन्हात मुलांनी पेपर दिले आणि शिक्षकांनी पाच दिवसांत ते तपासले. तपासले म्हणजे काय केले असेल, याची कल्पना वाचकाने करावी. आपल्याकडे शाळा जूनच्या पावसाबरोबर सुरू होते, ही केवळ हळवी आठवण नाही. कोरडवाहू मुलखात माणसे ऊसतोडीवरून, वीटभट्टीवरून तोवर परत गावी आलेली असतात. तारखेमागे असा जगण्याचा हिशेब असतो.

शाळेची तारीख माणसाच्या आयुष्यात किती खोल जाते, याची एक गंमत आहे. महाराष्ट्रात मागच्या पिढीतल्या असंख्य लोकांचा वाढदिवस १ जून आहे. गुरुजींनी नाव घालताना बापाला तारीख विचारली, बापाला ती ठाऊक नव्हती, गुरुजींनी वय बसेल असे साल धरून शाळा उघडायचा दिवस लिहिला. अवधात, म्हणजे लखनौच्या मुलखात, तसे १ जुलैवाले भेटतात. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेले शिक्षक ३१ मे ला घाऊक निवृत्त होतात, हे आपण पाहतोच. आईच्या पोटी कधी जन्मलो ते गेले. शाळेत कधी जन्मलो ते राहिले. ज्यांच्यावर शाळेची अशी मोहर उमटली, त्यांची शाळाच उद्या पुसली गेली तर?

हा प्रश्न लखनौच्या आसपास नुसता तर्काचा नाही. १६ जून २०२५ ला उत्तर प्रदेशच्या बेसिक शिक्षण विभागाने आदेश काढला: कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळेशी जोडा. सीतापूर जिल्ह्यातली ५१ मुले या आदेशाविरुद्ध अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठात गेली. एका न्यायमूर्तींनी ७ जुलैला याचिका फेटाळली. २४ जुलैला दोन न्यायमूर्तींनी सीतापूरपुरती ‘जैसे थे’ स्थिती ठेवायला सांगितले. पुढे सरकारनेच जाहीर केले की एक किलोमीटरहून लांब किंवा ५० हून अधिक मुले असलेल्या शाळा जोडल्या जाणार नाहीत. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांनी ‘आमची शाळा आम्हाला चालत जाता येईल अशी असू द्या’ म्हणून कोर्टात जावे, ही त्या वर्षाची मोठी शालेय बातमी होती. कोणत्याही बक्षीस समारंभात ती वाचली गेली नसेल.

कमी पटाची शाळा चालवणे महाग पडते, एका शिक्षकाने पाच वर्ग सांभाळणे हे शिक्षण नव्हे, हा युक्तिवाद खोटा नाही. महाराष्ट्रात २०२३ मध्ये वीसहून कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचा विचार पुढे आला तेव्हा पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणे देण्यात आली होती. मोठ्या शाळेत मैदान असते, विज्ञानाचे गुरुजी असतात, सोबती असतात. पण पट कमी का झाला, हे त्या हिशेबात येत नाही. गावातल्या ज्यांना परवडले त्यांनी मुले पिवळ्या बसमध्ये बसवून इंग्रजी फलकाच्या शाळेत धाडली, आणि मागे उरलेल्या घरांच्या मुलांना सांगितले गेले की तुम्ही संख्येने फार थोडे आहात. शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक शाळा घराजवळ असण्याचा शब्द दिला होता. त्या शब्दाला आता पटसंख्येची अट लागली आहे.

इथे वर्षाअखेरीचे दोन्ही समारंभ एकमेकांना भेटतात. शहरातल्या फलकामुळेच खेड्यातला पट गळतो. फलकावर चेहरा येण्याची आशा विकली जाते. ती विकत घ्यायला पालक कर्ज काढतो. गावची शाळा तीसवरून एकोणतीसवर, मग अठरावर येते. आणि मग ३१ मार्चला रिपोर्ट कार्डांबरोबर मुख्याध्यापिका मनातल्या मनात पुढच्या वर्षीची डोकी मोजते. एप्रिलमधली ‘स्कूल चलो’ची फेरी ही शिक्षकांची दारोदार फिरून केलेली नोकरी-राखणीही असते. त्यांना हसू नये. त्या फेरीत मॅडमजी उन्हात ज्या घरांसमोर उभ्या राहतात, त्या घरांपर्यंत दुसरी कोणतीही शाळा कधी जात नाही.

सोहळे बंद करा, असे माझे म्हणणे नाही. स्नेहसंमेलनात झाडाचे काम केलेल्या मुलालाही ते चाळीस वर्षे आठवते. पण व्यासपीठावरच्या पाहुण्यांची संख्या आणि भाषणांची लांबी पाहिली की वाटते, मुले तिथे प्रेक्षक म्हणून आणली आहेत. माझ्या मते वर्षाच्या शेवटी शाळेने गावासमोर एकच गोष्ट मोठ्याने वाचावी, ती म्हणजे हजेरीपट. कोण वर्षाच्या सुरुवातीला होते आणि आता नाही, ते कुठे गेले, का गेले. वर्षभर तहरी शिजवणाऱ्या आणि महिना दोन हजार रुपये मानधनावर, तेही वर्षातले दहाच महिने, राबणाऱ्या रसोइयांची नावे त्यात असावीत. टक्के घरी कार्डावर वाचता येतातच.

आपल्याकडे १ मे ला सकाळी झेंडावंदन झाले की जिल्हा परिषदेच्या शाळेत निकाल वाटतात. त्या दिवशी तिथे फारसे कोणी फिरकत नाही. पालकांतलेही अर्धेच येतात. तुमचे मूल त्या शाळेत नसले तरी यंदा जा. किती टक्के पडले ते विचारू नका. पट किती होता आणि किती राहिला, ते विचारा.